'डेझर्ट रेन' आणि बडाखान्याची क्लिप

दिल्ली कॅंटहून या वेळी धुक्याबद्दल लिहीन असं वाटलं असेल. पण लिहितोय एका अल्बमबद्दल.

'इंडियन ओशन' हा दिल्लीचाच बँड. त्यांचा 'डेझर्ट रेन' १ जानेवारी १९९७ ला मंडी हाऊससमोर, लोकांसमोर वाजवताना रेकॉर्ड झाला. कार्यक्रम सफदर हाश्मींच्या स्मृतीचा होता. हाश्मी पथनाट्यं करायचे. १ जानेवारी १९८९ ला साहिबाबादजवळच्या झंडापूरमध्ये 'हल्ला बोल'चा प्रयोग चालू असताना त्यांच्यावर हल्ला झाला आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. ४ तारखेला त्यांची पत्नी मलयश्री सहकाऱ्यांना घेऊन त्याच जागी परत गेली आणि अर्धवट राहिलेलं नाटक पूर्ण केलं. त्यांचं राजकारण पटो न पटो, ही गोष्ट कुठल्याही फौजीला कळते.

बँडमध्ये तेव्हा चौघंच. सुष्मित सेन गिटारवर, राहुल राम बासवर, अमित किलम ड्रमवर, आणि अशीम चक्रवर्ती तबला वाजवता वाजवता गाणारे. आमच्या गावच्या भजनी मंडळात पखवाजवाल्याला गायला सांगितलं तर तो उठून जाईल! त्यात दिल्लीची जानेवारी. परेडच्या तालमीला पहाटे निघताना आमचे बँडवाले माउथपीस खिशात गरम करत असतात. असल्या हवेत तारा सुरात राहत नाहीत, तबल्याची शाई आणि पुडी रुसते. स्टुडिओत दुसरा टेक मिळतो, चौकात मिळत नाही.

बाहेरच्या जगात असं एक नावाजलेलं काम एल्टन जॉनचं आहे. १७ नोव्हेंबर १९७० ला न्यूयॉर्कच्या एका स्टुडिओत, थोड्याशा श्रोत्यांसमोर, रेडिओवर थेट. पियानोवर तो, सोबत बास आणि ड्रम. गिटार नाहीच. १९७१ मध्ये त्याचा अल्बम निघाला. तिघांत एवढा दणका कसा, हे मला अजून उलगडलेलं नाही. तरी मला जवळचा 'डेझर्ट रेन'च, आणि त्याचं कारण वेगळं आहे.

आमच्या युनिटमध्ये साताऱ्याकडचा एक पोरगा होता. नाव लिहीत नाही, घरच्यांना विचारलेलं नाही. बडाखान्याला लंगरचं पातेलं उलटं घालून वाजवायचा आणि गवळण म्हणायचा. गेल्या वर्षी रजेवर असताना रस्त्यावरच्या अपघातात गेला. त्याच्या गाण्याची एकच क्लिप उरली, माझ्या फोनवर, अडीच मिनिटांची. ताटांचा खणखणाट, मागून कुणीतरी "अरे, रोटी लाव!" म्हणून ओरडतोय, मध्येच मी खोकतोय.

त्याच्या आईनं ती मागितली. कॉम्प्युटरवर बसणारा एक जवान म्हणाला, "उस्ताद, सगळा कचरा काढून नुसता आवाज ठेवतो." त्यानं केलंही, आणि चांगलं केलं. पण ऐकल्यावर वाटलं, पोरगा एखाद्या रिकाम्या खोलीत एकटा बसून गातोय. तो कधी एकटा गायलाच नव्हता.

त्याच रविवारी मेट्रोनं मंडी हाऊसला उतरलो आणि चौकाच्या कडेला उभा राहून 'डेझर्ट रेन' पुन्हा लावला. अशीमदा २००९ च्या डिसेंबरात गेले. इथे मात्र ते बाकी तिघांच्या मध्ये बसलेत, समोर माणसं आहेत, थंडी आहे. स्टुडिओतल्या गाण्यात आवाज जास्त नितळ ऐकू येतो, पण तिथे माणूस कुठे बसला होता ते कळत नाही.

कॅंटला परत येऊन मावशींना मूळ क्लिप पाठवली, ताटांसकट, माझ्या खोकल्यासकट.

तीन दिवसांनी फोन आला. गाण्याबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "त्यो रोटी लाव म्हणणारा कोण रं? एकदा घेऊन ये त्याला."

त्याची बदली झालीय पठाणकोटला. नंबर मिळवलाय.