पाचवे नाव
आमच्या घराण्यात मुलगी झाली म्हणून गूळ वाटण्याची रीत नव्हती. 1980 साली मी झाले तेव्हा मात्र आजीने वाटला, तोही पाण्यापायी.

गाव पुरंदर तालुक्यातले, पावसाने नेहमी हुलकावणी दिलेले. 1972 च्या दुष्काळात पुण्याचे इंजिनियर विलासराव साळुंखे या भागात आले, आणि पुढे नायगावला देवस्थानची 40 एकर उजाड जमीन खंडाने घेऊन राबू लागले. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचा दंडक असा की पाणी जमिनीला नव्हे, माणसाला. माणशी अर्धा एकर, घराला फार तर अडीच. भूमिहीनालाही वाटा. ऊस लावायचा नाही. खर्चाचा पाचवा हिस्सा सभासदांनी उभा करायचा.

यादी करायला मंडळी ओसरीवर बसली तेव्हा आमची नावे चार भरली. बाराव्याआधी लेकरू उंबऱ्याबाहेर काढायचे नसते. पण आजी मला दुपट्यासकट घेऊन बाहेर आली. "ही पाचवी. लिवा हिचं अर्धं एकर."

वडील मात्र फुरंगटले. दहा एकरांचे धनी ते! आणि शेजारच्या पाच माणसांच्या घराला, ज्यांच्या नावावर गुंठाही नाही, त्यांना आमच्याइतकेच पाणी! उसाचे स्वप्न तर बुडालेच. दोन वर्षे ते त्या घराशी बोलले नाहीत. मग एका उन्हाळ्यात स्वतःच तिकडे गेले. त्यांच्याकडे पाणी, आमच्याकडे कोरडे रान. वाट्याने शेती ठरली. पुढे तेच वडील कंदील घेऊन रात्री पाटकऱ्यामागे हिंडत, शेजाऱ्यांची पाळी चुकू नये म्हणून. (आईला हे फार उशिरा पटले. तिला वाटे, जातात कुठे?)

वडील गेले. गेल्या दिवाळीत दादाने हक्कसोडपत्र पुढे केले. शाळेच्या हजेरीपटावर रोज सही करणारी मी, पण त्या दिवशी हात अडखळला. दादाला रान विकायचे आहे. तरी केली सही. भाऊबीज तोंडावर आली होती.

मग फडताळातली वडिलांच्या हातची ती जुनी यादी मागून घेतली. आजी, बाबा, आई, दादा. पाचव्या ओळीत माझे नाव नव्हते. बारसे व्हायचे होते ना! 'मुलगी, अर्धा एकर,' एवढेच लिहिले होते.

"काय शोधतेस?" दादाने विचारले.

मी कागद त्याच्यापुढे सरकवला. तो बराच वेळ वाचत बसला.