आईचा जामीन

लालबागच्या आमच्या खोलीत रात्री आम्ही पाच जण झोपायचो आणि दिवसभर आईचे मेंबर जेवायचे. मेंबर म्हणजे बायकापोरं गावी ठेवून आलेले गिरणी कामगार. पाळी सुटेल तशी पंगत. पैसे पगाराला, तोवर वाणी उधारीवर देईल तो तांदूळ आणि लावेल तो भाव. उधारी फुगली की आईचं डोरलं सावकाराकडे जायचं. 1973-74 च्या गिरणी संपात पगार थांबले, तरी आईने कुणाला उपाशी उठवलं नाही. संप लढवला म्हणून हारतुरे मात्र पुढाऱ्यांना!

गिरणगावातल्या अशा खानावळवाल्या बायकांकडे नीट पाहिलं ते प्रेमाताई पुरव यांनी. गोवा मुक्तिलढ्यात उतरलेल्या, पुढे मुंबईत कामगार चळवळीत रमलेल्या ताईंनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. दानधर्म नाही, मागणी एकच, खानावळवालीला बँकेने कर्ज द्यावं. राष्ट्रीयीकृत बँकांत गरिबांसाठी 4 टक्के व्याजाची योजना होतीच, पण जामीन कुठून आणायचा? मंडळाने त्यावर तोड काढली. बायकाच गट करून एकमेकींना जामीन राहिल्या.

ऐकायला सोपं वाटतं. पण बँक उघडायची नेमकी डबे भरायच्या वेळेला. मग आई बँकेत गेली की तिच्याच गटातल्या समोरच्या मावशी आमच्या स्टोव्हवरची आमटी बघायच्या, आणि मावशींची पाळी आली की त्यांच्या भाकऱ्या आमच्या खोलीत. साहेब ‘उद्या या’ म्हणाले की ही सगळी कसरत पुन्हा. आई वैतागून म्हणायची, ‘यापेक्षा सावकार बरा, घरपोच लुटतो.’

कर्ज मिळालं. वाण्याची उधारी फिटली, तांदूळ घाऊक बाजारातून पोत्याने आला. पण गटप्रमुख बाई हप्त्याच्या दिवशी दारात उभ्या! चहासुद्धा घ्यायच्या नाहीत, आधी पैसे. मला त्यांचा भारी राग यायचा.

जानेवारी 1982 मध्ये कामगार नेते दत्ता सामंतांचा गिरणी संप सुरू झाला आणि मेंबर एकेक करून गावी गेले, काही उधारी ठेवून. आईने पोळीभाजीचे डबे ऑफिसांत पोचवायला सुरुवात केली. फोर्टपर्यंतचे डबे माझ्याकडे होते. घरात दूध बंद झालं, पण हप्ता चुकला नाही. आईचा हप्ता थकला असता तर मावशींचं पुढचं कर्ज अडलं असतं, आणि मावशींच्या मुलीचं लग्न तोंडावर आलं होतं.