हाक ऐकू येते का?

पहिलीच्या वर्गाची हजेरी घेताना आम्ही कान उघडे ठेवतो. कोणते मूल आपणहून 'हाजिर' म्हणते आणि कोणते शेजाऱ्याने कोपर मारल्यावर? गेल्या वर्षी असाच एक मुलगा होता. आमच्या ओठांकडे टक लावून बघायचा. आम्ही फळ्याकडे वळून बोललो की गप्प. वर्गात 'जिद्दी' म्हणून बदनाम.

घरी विचारले. कान वाहायचा, कोमट तेल घालत होते. दादी म्हणाल्या, "टीचर, इसके अब्बा भी देर से बोले थे." तावीजही झाला होता. आम्ही म्हटले, दुआ चालू ठेवा, तेल तेवढे बंद करा.

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा यावे असे ठरलेले. एवढी वाट कोण बघणार? कुर्ल्याहून वांद्रे काही दूर नाही. तिथे १९८३ पासून अली यावर जंग संस्था आहे, कान तपासून मिळतात. पण अम्मीला धास्ती, मोहल्ला 'बहिरा' म्हणेल. शेवटी आम्ही विचारले, "मागून रिक्षाचा हॉर्न वाजला तर याला कळेल?" त्या गप्प झाल्या.

अब्बांची दिवसाची मजुरी बुडाली. पडद्याला छिद्र निघाले. औषधे चालू आहेत, आणि पहिल्या बाकावरून आता शेजाऱ्याच्या तक्रारी येतात, हा फार बोलतो म्हणून.