दम

कबड्डीतली चढाई ही मुळात एका श्वासाची गोष्ट आहे. चढाई करणारी खेळाडू मध्यरेषा ओलांडून प्रतिस्पर्ध्यांच्या अंगणात शिरते तेव्हा तिला ‘कबड्डी, कबड्डी’ हा उच्चार अखंड चालू ठेवावा लागतो. या अखंड उच्चारालाच दम म्हणतात, आणि मध्यरेषेवर परतण्यापूर्वी तो तुटला तर ती बाद ठरते. हा दम शब्द मराठीत फारसीतून आला असून फारसीतही त्याचा मूळ अर्थ श्वास असाच आहे. फारसीने दिलेला शब्द मराठी मातीत खेळला, घामेजला, आणि कित्येक शतकांनी नाशिकच्या एका प्रशिक्षिकेबरोबर इराणला परत गेला, असे म्हटले तर ते केवळ अलंकारिक ठरणार नाही.

त्या प्रशिक्षिकेचे नाव शैलजा जैन. २४ ऑगस्ट २०१८ रोजी जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेत महिला कबड्डीचा अंतिम सामना भारत आणि इराण यांच्यात झाला, आणि त्या दिवशी इराणच्या संघामागे जैन उभ्या होत्या. महिला कबड्डीचा या स्पर्धेत समावेश २०१० मध्ये ग्वांगझू येथे झाला. तेव्हापासून दोन्ही वेळा सुवर्णपदक भारताचेच होते आणि २०१४ च्या अंतिम सामन्यात भारताने हरवलेला संघही इराणचाच होता. जकार्तात मध्यंतराला भारत १३-११ असा पुढे होता. सामना संपला तेव्हा गुणफलकावर इराण २७, भारत २४ असे आकडे होते. पराभूत संघात सायली केरिपाळे आणि मुंबईची सोनाली शिंगटे या महाराष्ट्राच्या खेळाडू होत्या. म्हणजे मैदानाच्या दोन्ही बाजूंना मराठी माणसाची मेहनत पणाला लागली होती आणि अश्रूही, सुखाचे असोत वा दुःखाचे, एकाच भाषेतून आलेले होते.

इराणमध्ये ‘झू’ नावाचा, श्वास रोखून खेळायचा कबड्डीच्याच कुळातला खेळ पूर्वापार आहे, त्यामुळे जैन यांना तिथे मिळालेली जमीन कोरी नव्हती; तरीही परक्या देशात, हिजाब घालून, शाकाहार सांभाळून आणि खेळाडूंशी बोलता यावे म्हणून फारसी शिकून सुमारे दीड वर्ष एक संघ घडवणे ही सोपी साधना नव्हे. त्यांनी सरावात योगासने आणि प्राणायाम यांचा समावेश केला. बाहेरून पाहणाऱ्याला हा पूरक व्यायाम वाटेल. पण ज्या खेळात श्वास हेच भांडवल आहे, त्या खेळात श्वासाचे नियमन हा पायाच ठरतो. पकड करणाऱ्या खेळाडूंनाही, म्हणजे चढाई करणारीला अडवून धरणाऱ्यांना, तितक्याच स्थिर श्वासाची गरज असते. महिलांचे मैदान १२ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद असते, आणि एवढ्याशा जागेत कोपऱ्यातल्या खेळाडूने अर्धा क्षण आधी झेप घेतली तरी चढाई करणारी निसटून गुण घेऊन जाते. वाट पाहण्याचे हे धैर्य शिकवता येते, मात्र शिकवणाऱ्याच्या अंगी ते आधी मुरलेले असावे लागते.

प्रशिक्षकाने दुसऱ्या देशाचा संघ घडवावा यात व्हॉलीबॉलच्या जगाला काही नवल उरलेले नाही. अर्जेंटिनाचे हुलिओ वेलास्को यांनी २०११ ते २०१४ या काळात इराणच्याच पुरुष व्हॉलीबॉल संघाला आशियाच्या शिखरावर नेले, आणि २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये इटलीच्या महिलांना सुवर्णपदक मिळवून दिले. जैन यांच्या वाट्याला मात्र मायदेशात आनंदाबरोबर एक अवघडलेपणही आले, कारण हरलेला संघ आपला होता. भारतीय संघाचे प्रशिक्षकपद मिळावे अशी आपली इच्छा होती, हे त्यांनी विजयानंतर उघडपणे सांगितले. ती इच्छा पूर्ण झाली असती तर काय घडले असते, या तर्कात शिरण्यात अर्थ नाही; विद्या घरात असताना तिला दाद बाहेर मिळाली, एवढे मात्र खरे, आणि ते बोचणारे आहे.

अशी दाद न मिळालेली विद्या मुंबईच्या उपनगरांतही आहे. मध्य रेल्वेचा जो मार्ग घाटकोपर आणि मुलुंड मागे टाकून कसारा घाट चढतो, त्याच मार्गावर जैन यांचे नाशिक लागते. राज्य स्पर्धेत मुंबई उपनगर मुंबई शहरापासून वेगळे उतरते, आणि या उपनगरांत मंडळांच्या पटांगणांवर, आता मातीऐवजी मॅटवर, दिव्यांच्या उजेडात कबड्डी रंगते. लोकल पकडून, नोकरी किंवा महाविद्यालय सांभाळून सरावाला येणाऱ्या मुलीला दम म्हणजे काय हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. ती खेळते, गाजते, आणि पुष्कळदा लग्नानंतर वा दुखापतीनंतर मैदानाच्या कडेला प्रेक्षक होऊन उरते. तिने कमावलेले डोळे, म्हणजे पाय कुठे पडणार हे खांद्याच्या हालचालीवरून ओळखणारी नजर, तिच्याबरोबरच घरी जाते.

भारतीय महिलांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोऊ येथील आशियाई क्रीडास्पर्धेत चिनी तैपेईला २६-२५ असे हरवून सुवर्णपदक परत मिळवले. पदक परत आले, आता माणसेही परत आणायला हवीत. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथील मंडळांनी येत्या हंगामात आपल्या मुलींच्या संघाची शिट्टी एखाद्या जुन्या खेळाडूच्या हाती द्यावी, आणि तिला त्या कामाचे मानधनही द्यावे.