बंगळुरूचा पाऊस आणि तुमची मोटार

पुण्याहून निघालेली मोटार कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, चित्रदुर्ग, तुमकूर असा सुमारे साडेआठशे किलोमीटरचा पल्ला गाठून बंगळुरूत शिरते, तेव्हा आत बसलेल्यांना सर्वांत आधी जाणवतो तो हवेतला फरक. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरहून उंचावर वसलेल्या या शहरात ना मुंबईचा घाम, ना नागपूरचे ऊन. नोकरीनिमित्त येथे येऊन राहिलेल्या मराठी कुटुंबांचीही मग अशी समजूत होते की, एवढ्या छान हवेत गाडीला होणार तरी काय?

घोळ होतो तो पंचांगाचा. महाराष्ट्रातला वाहनचालक 7 जूनकडे डोळे लावून बसतो. मे संपता संपता वायपरचे रबर बदलायचे, टायर तपासायचे, हे त्याच्या अंगवळणी पडलेले असते. बंगळुरूत हा हिशेब चालत नाही. भूगोलाच्या पुस्तकात वाचलेल्या आम्रसरी येथे खरोखरच एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी कोसळतात, वाऱ्यासह आणि कधी कधी गारांसह. जून-जुलै त्या मानाने सौम्य जातात. सर्वाधिक पाऊस पडतो सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आणि नोव्हेंबरमध्येही सरी येतच राहतात. म्हणजे पावसाळ्याची तयारी येथे मार्चमध्येच उरकायला हवी आणि दिवाळीच्या आधी ती पुन्हा एकदा तपासायला हवी.

उन्हात सुकून कडक झालेले वायपरचे रबर पहिल्याच सरीला काचेवर नुसते पाणी फासते. ते दरवर्षी बदलावे, खर्च किरकोळ असतो. टायरच्या खाचांची खोली कायद्याने किमान 1.6 मिलिमीटर हवी. परंतु ओल्या रस्त्यासाठी एवढ्यावर समाधान मानू नये. हवा सकाळी, टायर थंड असताना भरावी.

बंगळुरूची शान म्हणजे येथील झाडे. मात्र ही झाडेही गाडीच्या मालकाला कामाला लावतात. फेब्रुवारी-मार्चपासून पर्जन्यवृक्षांची पाने आणि करंजाची फुले पडू लागतात. पुढच्या काचेखाली, वायपरच्या बुडाशी हा कचरा साठतो आणि पाणी वाहून जाण्याची भोके बुजतात. मग पाऊस आला की पाणी थेट गाडीच्या आत झिरपते, पायाखालचा गालिचा ओला राहतो आणि गृहिणी कुबट वासाचे मूळ डब्यातल्या सांडलेल्या आमटीत शोधत बसते. बॉनेट उघडून हा कचरा दर आठवड्याला हाताने काढावा. एप्रिल-मेच्या वादळी संध्याकाळी मोठ्या झाडाखाली गाडी उभी करू नये. फांद्या मोडून पडणे ही येथे दरवर्षीची गोष्ट आहे.

पण खरी भीती आहे ती साचलेल्या पाण्याची. 21 मे 2023 रोजी, महाराष्ट्रात लोक अजून पावसाची वाट पाहत असताना, बंगळुरूच्या मध्यवर्ती के. आर. सर्कलजवळच्या भुयारी रस्त्यात पाणी भरले. भाड्याच्या गाडीतून शहर पाहायला निघालेले एक कुटुंब त्यात अडकले. इतरांना बाहेर काढता आले, परंतु सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करणाऱ्या एका तरुणीचा मृत्यू झाला. भर दिवसा आणि विधानसौधपासून हाकेच्या अंतरावर हे घडले.

त्याआधी सप्टेंबर 2022 मध्ये एका रात्रीच्या मुसळधार पावसाने बेलंदूर, यमलूर, सर्जापूर रोड हा भाग जलमय केला होता. लाखो रुपयांच्या मोटारी तळघरांत बुडाल्या आणि संगणक अभियंते ट्रॅक्टरमध्ये उभे राहून कार्यालयात गेले. तलाव आणि त्यांना जोडणारे नाले, ज्यांना येथे राजकालुवे म्हणतात, बुजवून वाढलेल्या शहरात पाणी दुसरे कोठे जाणार?

म्हणून भुयारी रस्त्याच्या तोंडाशी पाणी दिसले आणि त्याची खोली कळेना, तर गाडी मागे घ्यावी. मागचे लोक हॉर्न वाजवोत. पाणी चाकाच्या निम्म्यावर असेल तर पुढे जाऊच नये. गाडी पाण्यात बंद पडली आणि पाणी वाढू लागले, तर पट्टा सोडून सर्वप्रथम खिडकीची काच खाली करावी. विजेवर चालणारी काच थोड्याच वेळात दगा देऊ शकते आणि बाहेरच्या पाण्याच्या दाबाने दार उघडत नाही. काच फोडावी लागलीच तर बाजूची फोडावी, पुढची सहसा फुटत नाही. आधी मुले बाहेर, सामान राहू द्यावे.

पाणी ओसरल्यावर गाडी ‘एकदा चालू करून बघू’ हा मोह सर्वांत महागात पडतो. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही, आतले दांडे मात्र वाकतात. शिवाय अशा नुकसानीची भरपाई, इंजिन संरक्षणाची जादा तरतूद घेतली नसेल, तर विमा कंपनी नाकारू शकते. चावी न फिरवता गाडी ओढून न्यावी.

दुसरी हानी हळूहळू होते. सिल्क बोर्ड किंवा हेब्बाळच्या कोंडीत तासभर इंजिन चालते आणि किलोमीटर मात्र पाच-सहाच पडतात. त्यामुळे तेल बदलताना नुसता आकडा न पाहता महिने मोजावेत. अर्ध्या दाबलेल्या क्लचवर गाडी रेटण्याची सवयही सोडावी. सुट्या भागांसाठी टाउन हॉलजवळचा जे. सी. रोड प्रसिद्ध आहे. जुने भाग शिवाजीनगरात मिळतात. पण ब्रेक पॅड नवे आणि अस्सल कंपनीचेच घ्यावेत, पावती मागून. (2001 साली रस्त्यावर आलेली ‘रेवा’ ही छोटी विजेची मोटार याच शहरातली. विजेच्या गाड्यांना तेल नको, टायर, वायपर आणि ब्रेक यांची निगा मात्र तशीच.)

थंडीत पहाटे नंदी हिल्सला जायची येथे फॅशनच आहे. साठेक किलोमीटरचा रस्ता. धुक्यात दिवे खालच्या झोतावर ठेवावेत आणि घाट उतरताना खालचा गिअर वापरावा, नाही तर ब्रेक तापतात.

आणि आयुधपूजा! आपण दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालतो. येथे आदल्या दिवशी, महानवमीला, गाडीच्या दोन्ही बाजूंना केळीची रोपे बांधतात, चाकाखाली लिंबू ठेवतात आणि कुंकू भरलेला कोहळा ओवाळून रस्त्यावर फोडतात. सोहळा पाहण्यासारखा असतो. पण तो ऐन पावसाच्या दिवसांत येतो आणि त्या फोडींवरून संध्याकाळी स्कूटर घसरतात. तेव्हा पूजा झाल्यावर फोडी लगेच बाजूला कराव्यात, दिव्यांवर आलेली पाने आणि काचेवरचा हार काढावा. धुतलेल्या गाडीचे ब्रेक गल्लीतच दोन-तीनदा हलके दाबून कोरडे करावेत, मगच मंडळींना घेऊन फेरफटक्याला निघावे.