पदरचे पैसे

आमच्याकडे लग्नाच्या बोलण्यात एक शब्द फार जपून उच्चारतात. तो शब्द म्हणजे ‘पदरचे’. वरपक्षाचा कुणी काका छातीवर हात ठेवून म्हणतो, “काळजी करू नका, कमी पडलं तर आम्ही पदरचे घालू!” तेव्हा बैठकीतली जाणती माणसे पानाला चुना लावता लावता हळूच मिशीत हसतात. कारण जन्मभर त्यांनी पदरचे घेणारे पुष्कळ पाहिलेले असतात. पदरचे घालणारे मात्र एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

लिहिण्यावाचण्याच्या प्रांतातही मी माणसे याच मापाने मोजतो. मी पडलो शिरूर अनंतपाळचा शाळामास्तर. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, पुढचे सारे पुस्तकांनीच केले. आमच्या गावात वह्या मिळतात, गाईडे मिळतात, सोयाबीनचे बियाणे तर हवे तेवढे मिळते. पण कादंबरी हवी असेल तर लातूरची नाहीतर उदगीरची एस. टी. धरावी लागते. म्हणून एखादे पुस्तक हातात आले की, ते कुणी लिहिले याइतकेच ते कुणी छापले हेही मी पाहतो. पहिले पान उलटले की मागच्या बाजूला बारीक अक्षरांत ते नाव असते. देवळाच्या पायरीवर दात्याचे नाव कोरलेले असावे, तसे. पाय सगळेच ठेवतात, वाचतो एखादाच.

पूर्वी कलेला आश्रय राजे देत. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी ग्रंथमाला चालविल्या, गावोगाव वाचनालये उघडली, राजा रविवर्म्याकडून चित्रे करवून घेतली. त्यांची थोरवी मी कमी करीत नाही. पण त्यांच्यामागे संस्थानाचा खजिना होता. ज्याच्यामागे फक्त स्वतःची चोपडी आहे, आणि त्या चोपडीत जमेच्या बाजूपेक्षा नावेची बाजूच लांब आहे, असा माणूस जेव्हा एखाद्या अनोळखी कवीचे बाड उचलून म्हणतो, “हे मी छापतो”, तेव्हा मला त्याचे अधिक कौतुक वाटते.

वाचकहो, तुम्ही आत्ता जो दिवाळी अंक हातात धरला आहे, त्या परंपरेच्या मुळाशीसुद्धा असाच एक गृहस्थ उभा आहे. काशीनाथ रघुनाथ मित्र. मूळचे आडनाव आजगावकर. पण बंगाली साहित्यावर जीव असा जडला की, आडनावच ‘मित्र’ करून टाकले! १८९५ साली त्यांनी ‘मनोरंजन’ मासिक काढले आणि १९०९ साली त्याचा दिवाळी अंक. तेव्हापासून करंजीबरोबर कथा आणि चकलीबरोबर कविता हे समीकरण मराठी घरात जे बसले, ते आजतागायत.

पण मला आज सांगायचे आहे ते रामदास भटकळ यांच्याविषयी. त्यांचे वडील गणेश भटकळ यांनी १९२४ साली मुंबईत ‘पॉप्युलर बुक डेपो’ सुरू केला. दुकान इंग्रजी ग्रंथांचे. पुढे याच घराने दा. ध. कोसंबी यांचा भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरचा गाजलेला ग्रंथ १९५६ साली प्रसिद्ध केला, घुर्ये, अ. र. देसाई यांच्यासारख्या समाजशास्त्रज्ञांची पुस्तके काढली. विद्यापीठे असे ग्रंथ घेतात, विद्यार्थी घेतात. घर नीट चालले होते. अशा चालत्या घरातल्या मुलाने मराठी कथा-कवितांच्या फंदात पडायचे कारण नव्हते. पण १९५२ साली या घराने मराठी प्रकाशने सुरू केली, आणि त्या कामात पुढे झालेले रामदास तेव्हा जेमतेम सतरा वर्षांचे होते. सतराव्या वर्षी आमची मुले मिशा फुटल्या की नाही ते आरशात पाहत असतात!

पुढे गंगाधर गाडगीळ, विंदा करंदीकर अशी एकेक मोठी नावे ‘पॉप्युलर’च्या यादीत दिसू लागली. स्वतः भटकळांनी कायद्याची पदवी घेतली, पण जीव रमला दुसरीकडेच. शास्त्रीय गायनाची त्यांनी रीतसर तालीम घेतली. गांधींचा अभ्यास केला, कस्तुरबांवर ‘जगदंबा’ हे नाटक लिहिले, आणि आपल्या लेखकांची व्यक्तिचित्रे ‘जिगसॉ’ या पुस्तकात रेखाटली. गाणाऱ्या माणसाला सूर कुठे लागतो आणि कुठे नुसता ओरडा होतो हे कळते. मला वाटते, हस्तलिखित वाचतानाही तोच कान उपयोगी पडत असावा.

या साऱ्या कारकिर्दीत माझे बोट एकाच सालावर जाऊन थांबते : १९६७. त्या एका वर्षात या घराने दोन नव्या कवींचे पहिले संग्रह काढले. एक नागपूरचे ग्रेस. पुस्तक ‘संध्याकाळच्या कविता’. दुसरे आमच्या मराठवाड्यातल्या पळसखेड्याचे ना. धों. महानोर, पुस्तक ‘रानातल्या कविता’. एकाची कविता इतकी गूढ की पंडितांनीही डोके खाजवावे. दुसऱ्याची इतकी मातीतली की, शहरी वाचकाला शब्द विचारत विचारत पुढे जावे लागावे. महानोर तेव्हा पंचविशीचे शेतकरी. मुंबईत त्यांची ना गादी, ना गोत. कवितेचे पुस्तक म्हणजे हजार-अकराशे प्रती, आणि त्या खपायला वर्षानुवर्षे. कागदवाला थांबत नाही, छापखानेवाला थांबत नाही, बांधणीवाला तर मुळीच थांबत नाही. थांबायचे ते प्रकाशकाने.

आणि किती थांबायचे? महानोरांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो २००० साली, ‘पानझड’साठी. ग्रेस यांना २०११ साली, ‘वाऱ्याने हलते रान’साठी. म्हणजे पहिल्या पुस्तकापासून एकाला तेहतीस वर्षे, दुसऱ्याला चव्वेचाळीस! आंब्याची कोय लावणारा म्हातारासुद्धा याहून लवकर फळाची आशा धरतो.

असा धीर आणखीही काहींनी दाखविला आहे. पुण्याच्या देशमुख आणि कंपनीच्या रा. ज. देशमुखांनी पंचविशीतल्या भालचंद्र नेमाड्यांच्या मागे लागून कादंबरी लिहवून घेतली आणि १९६३ साली ‘कोसला’ काढली. नेमाड्यांना ज्ञानपीठ मिळाले ते २०१४ सालचे. ज्यांनी प्रथम पदरचे घातले, त्यांच्या गळ्यात हार कुणी घालत नाही.

आता थोडे स्वतःविषयी. माझ्या दोन कादंबऱ्या छापून आल्या आहेत. त्या काढणाऱ्या भल्या माणसाने मला पंचवीस प्रती दिल्या, थोडे मानधन दिले आणि वर पत्रही लिहिले. तो आता थकला. तिसरी कादंबरी मी दुसऱ्या एका प्रकाशकाकडे पाठविली. महिनाभरात उत्तर आले. लेखन ‘दर्जेदार’ असल्याचे कळविले होते आणि खाली छपाईच्या खर्चाचा आकडा होता. तो मी भरायचा होता. मी आकडा दोनदा वाचला. औंदाच्या सोयाबीनचे जे काही आले होते, त्याहून तो थोडासाच कमी होता.

रात्री जेवताना मी बायकोला पत्र वाचून दाखविले. ती भाकरी थापता थापता थांबली आणि म्हणाली, “आवं, पुस्तक लिवलं तुमी, पैसं बी द्यायचं तुमीच. मग त्यो मानूस काय करनार हाय?”

या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. पैसे मी पाठविले नाहीत. बाड कपाटात आहे. रात्री-अपरात्री ते मला हाका मारते, हे खोटे कशाला सांगू? पण माझ्या लिहिण्यावर माझ्याखेरीज आणखी एका माणसाने तरी चार पैसे लावावेत, एवढी माझी अट आहे. तो दानधर्म नको. दान देणारा देतो आणि विसरून जातो. प्रकाशक विसरत नाही. तो चोपडीत मांडून ठेवतो, कारण आज ना उद्या वाचक येईल असा त्याचा भरवसा असतो. लेखकाला खरी भूक या भरवशाचीच असते.

२०२२ च्या एप्रिलात आमच्या शेजारी उदगिरास पंचाण्णवावे साहित्य संमेलन भरले. रणरणत्या उन्हात मी तिथे गेलो आणि ‘रानातल्या कविता’ची एक प्रत विकत आणली. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०२३ मध्ये, महानोर गेले. बातमी आली त्या दिवशी मी धडा बाजूला ठेवून वर्गात ती कविता वाचली. मागच्या बाकावर एक पोरगा बसतो. बाप सालगडी, पोरगा पेरणीला आणि काढणीला शाळेत दिसत नाही. पुस्तकाशी त्याचे वैर. तो त्या दिवशी हनुवटीखाली मुठी धरून ऐकत राहिला. तास संपल्यावर जवळ आला आणि म्हणाला, “सर, हे तर आपल्या रानातलंच हाय की! हे बी पुस्तकात छापत्यात व्हय?”

“छापतात बाबा,” मी म्हटले, “छापणारा भेटला तर.”

पुस्तक तो घरी घेऊन गेला. आठ दिवसांनी परत आणले तेव्हा त्याच्या पुठ्ठ्यावर मातीचा अंगठा उमटला होता. मी तो पुसला नाही. मुंबईत छपन्न वर्षांपूर्वी कुणी पदरचे घातले होते, त्याची पावती आमच्या शिरुरात आता कुठे फाटत होती.

तेव्हा, बाजाराची यादी करताना तेल, रवा, पिठीसाखर यांच्या खाली एक ओळ मोकळी ठेवा. घरात कुणाला ठाऊक नाही अशा एखाद्या नव्या कवीचे पुस्तक घ्या. आवडेल असा शब्द मी देत नाही. पण भटकळांनाही १९६७ साली तसा शब्द कुणी दिला नव्हता.