हत्तीचं बिऱ्हाड

६९ जिंकल्या, ९३ हरल्या. पाच टीम्सच्या गटात चौथा नंबर. ओकलंड ॲथलेटिक्स, म्हणजे आमच्या ए'जचा, २०२४ चा सीझन आकड्यांत सांगायचा तर एवढाच. चांगल्या सीझनवर सगळेच लिहितात हो! मला हाच लिहायचाय.

क्रिकेटवर वाढलेल्या मंडळींसाठी आधी थोडं बेसबॉल. मार्चअखेर ते सप्टेंबरअखेर, सहा महिन्यांत १६२ मॅचेस. म्हणजे जवळजवळ रोज. भारीतली भारी टीमसुद्धा साठेक मॅचेस हरते. आपल्याकडे वर्ल्डकपची एक मॅच हरलो की दोन दिवस घशाखाली घास उतरत नाही, इथे सुतक पाळायला वेळच नसतो. उद्या संध्याकाळी परत मॅच असते. त्यामुळे ही करमणूक सणासुदीची नाही, वरण-भातासारखी रोजची. हापिसातून घरी येताना ८८० फ्रीवेवर गाड्या मुंगीच्या पावलाने सरकत असतात आणि रेडिओवर कोणीतरी तिसऱ्या इनिंगचं वर्णन निवांतपणे करत असतो. ऐकता ऐकता एक दिवस लक्षात येतं की आपल्याला सगळ्या खेळाडूंची नावं पाठ झाली आहेत.

मी फ्रीमाँटचा (म्हणजे मूळचा पुण्याचा, पण आता फ्रीमाँटचाच म्हणायचं). खाडीपलीकडे सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचं पाण्याकाठचं देखणं स्टेडियम आहे आणि तिकिटंही तशीच देखणी. आमचं ओकलंड कोलिझियम म्हणजे १९६६ साली उघडलेलं काँक्रीटचं भलंमोठं घमेलं. २०१३ मध्ये गटाराचं पाणी थेट खेळाडूंच्या खोल्यांत शिरलं होतं. २०२३ मध्ये पाहुण्या कॉमेंटेटर्सच्या खोलीत चक्क एक पोसम मुक्कामाला होता. पण बार्टमधून उतरलं की पूल ओलांडून थेट गेटवर, तिकीट खिशाला परवडणारं, आणि उजवीकडच्या स्टँडात मॅचभर ड्रम बडवणारी मंडळी. ढोल-ताशांच्या आवाजात वाढलेल्या माणसाला आणखी काय हवं?

आमच्या धंद्यातल्या लोकांना ही टीम 'मनीबॉल'मुळे माहीत असते. २००२ साली सुमारे चार कोटी डॉलर्सच्या पगारात १०३ मॅचेस जिंकल्या, त्यात सलग २०. विसाव्या मॅचमध्ये ११-० ने पुढे असताना कॅन्सस सिटीने ११-११ अशी बरोबरी केली आणि शेवटी स्कॉट हॅटेबर्गने होमरन मारून ती जिंकून दिली. नंतर पुस्तक आलं, ब्रॅड पिट आला, आणि कमी पैशात जास्त काम कसं करावं याच्या स्लाइड्स जगभरच्या मॅनेजरांनी बनवल्या. माझं यावर एक (आगाऊ) मत आहे. ही गोष्ट सगळ्यात जास्त त्यालाच आवडते ज्याला खिशात हात घालायचा नसतो. पुढे मार्कस सेमिएन टीम सोडून गेला, २०२२ च्या मार्चमध्ये मॅट ओल्सन आणि मॅट चॅपमन दुसऱ्या टीम्सना देऊन टाकले. त्या वर्षी १०२ मॅचेस हरलो, पुढच्या वर्षी ११२. मग म्हणायचं, बघा, ओकलंडमध्ये लोकच येत नाहीत.

आता मुख्य मुद्दा. रणजीतली मुंबईची टीम उचलून कोणी इंदूरला नेऊ शकत नाही. इथे नेता येते. टीम मालकाची असते, गावाची नाही. मालक जॉन फिशर यांनी २०२३ मध्ये लास व्हेगासला जायचं ठरवलं. त्यावर फॅन्सनी जे केलं ते मला फार आवडलं. बहिष्काराच्या उलटा बहिष्कार! १३ जून २०२३, मंगळवार, २७,७५९ माणसं मुद्दाम मॅचला आली, अंगात हिरवे टीशर्ट, त्यावर एकच शब्द: 'सेल'. म्हणजे टीम विकून टाका, पण इथेच राहू द्या. लीगमधल्या सगळ्यात तगड्या टँपा बे रेजना त्या दिवशी २-१ ने हरवलं. आणि त्याच दिवशी तिकडे नेवाडाच्या सेनेटने नव्या स्टेडियमसाठी ३८ कोटी डॉलर्सपर्यंत सरकारी पैसा द्यायचं बिल मंजूर केलं. नोव्हेंबरमध्ये तीसच्या तीस मालकांनी स्थलांतराला होकार दिला. एकही मत विरुद्ध नाही.

पण गंमत अशी की ही टीम मूळची ओकलंडचीही नव्हे. १९०१ मध्ये सुरुवात फिलाडेल्फियात. १९०२ मध्ये जॉन मॅक्ग्रॉ नावाच्या न्यूयॉर्कच्या मॅनेजरने हिणवलं की हा पांढरा हत्ती पोसणं मालकाला महाग पडणार. कॉनी मॅक या इरसाल म्हाताऱ्याने (तेव्हा तो चाळिशीचाच होता म्हणा) तोच हत्ती टीमचं चिन्ह करून टाकला, तो आजही आहे. १९५५ मध्ये हत्तीचं बिऱ्हाड कॅन्सस सिटीला हललं, १९६८ मध्ये ओकलंडला. इथे त्याने चार वर्ल्ड सिरीज जिंकल्या: १९७२, ७३, ७४ आणि ८९. म्हणजे १९६७ साली कॅन्सस सिटीत जे झालं असेल, त्याच्या जिवावर आम्ही छप्पन्न वर्षं जल्लोष केला. हे मला कोणी सांगितलं नसतं तर बरं झालं असतं.

असो. २०२४. पहिल्या मॅचला शेकडो लोक पार्किंग लॉटमध्येच जमून निषेधाची पार्टी करत होते आणि आत टीम ८-० ने हरत होती. आठवड्याभरात जाहीर झालं की हा ओकलंडमधला शेवटचा सीझन. व्हेगासचं स्टेडियम होईपर्यंत मुक्काम सॅक्रामेंटोजवळ, एका मायनर लीगच्या मैदानावर. म्हणजे भाडेकरूला नवीन फ्लॅट तयार व्हायच्या आधीच निघायची घाई.

आणि याच पोरांनी नेमकं खेळायला सुरुवात करावी! मेसन मिलर ताशी शंभर मैलांच्या वर चेंडू टाकत होता. ब्रेंट रूकरने ३९ होमरन मारले. १४ जुलैला फिलाडेल्फियात, म्हणजे हत्तीच्या माहेरी, लॉरेन्स बटलरने एकाच मॅचमध्ये तीन होमरन ठोकले आणि आम्ही १८-३ ने जिंकलो. सीझनच्या उत्तरार्धात टीमने जवळपास हरल्या तितक्याच मॅचेस जिंकल्या. घर विकायला काढलं की नळ गळायचा थांबतो, तसं काहीतरी. मी आणि माझा मुलगा त्या उन्हाळ्यात अकरा मॅचेसना गेलो. बायको म्हणाली, "एवढ्या वेळा तर तुम्ही दोघं देवळातही गेला नसाल." खरंच होतं.

२६ सप्टेंबर, गुरुवार, दुपारची मॅच. मी सुट्टी टाकली, मुलाची शाळा बुडवली. ४६,८८९ माणसं. समोर टेक्सास रेंजर्स, आणि त्यांच्या टीममध्ये कोण, तर आमचाच सेमिएन. राष्ट्रगीत म्हणायला बॅरी झिटो, पहिला चेंडू टाकायला रिकी हेंडरसन आणि डेव्ह स्ट्युअर्ट. रिकी ओकलंडमध्येच वाढलेला, मैदानाला नाव त्याचंच. पुढे तीन महिन्यांत तो गेला. आमच्या शेजारी सत्तरीचे एक गृहस्थ पेन्सिलीने प्रत्येक चेंडूची नोंद करत होते. अगदी शांतपणे, जणू उद्याही यायचंय. सातव्या इनिंगनंतर मात्र त्यांचा हात थरथरायला लागला आणि त्यांनी पेन्सिल माझ्या मुलाकडे दिली. पुढच्या नोंदी त्याने केल्या.

लिहिता लिहिता त्याने विचारलं, "बाबा, तू पुण्याहून निघालास तेव्हा लोक असे रडले होते?"

"आजी रडली होती."

"मग तू परत का नाही गेलास?"

तेवढ्यात मिलर बॉलिंगला आला... म्हणजे पिचिंगला. सगळं स्टेडियम उभं राहिलं, आम्हीही राहिलो. शेवटचा बॅटर आऊट झाला, ३-२ ने जिंकलो. मॅनेजर मार्क कॉट्से माईक घेऊन मैदानात आला, लोकांचे आभार मानले आणि शेवटी 'लेट्स गो ओकलंड' असा गजर केला. त्यानंतर कोणी जागचं हलेना. खाली ग्राउंड्समन लोकांना मैदानावरची माती देत होते, माणसं ती कपांत, बाटल्यांत भरून घेत होती. आम्ही नाही घेतली. सिंहगडाहून आणलेला एक दगड घरी आधीच आहे, तो कुठे ठेवायचा हेच अजून ठरत नाही.

२०२५ पासून टीमच्या नावात गावच नाही. नुसतंच 'ॲथलेटिक्स'. आणि कोलिझियममध्ये त्या जूनमध्ये काय व्हावं? क्रिकेट! मेजर लीग क्रिकेटची पहिलीच मॅच, त्यात सॅन फ्रान्सिस्को युनिकॉर्न्सच्या फिन ॲलनने ५१ चेंडूंत १५१ केल्या, १९ सिक्सर्स, टी-२० मधला विश्वविक्रम. आजूबाजूला मराठी, तेलुगू, पंजाबी कानावर पडत होतं. सिक्सर मारला की चेंडू ड्रमवाल्यांच्या जागेकडे जातोय का, हे मात्र मी प्रत्येक वेळी बघत होतो.

सॅक्रामेंटोला अजून गेलेलो नाही. ती टीम आता फॉलो करायची नाही, असं आमच्या घरात ठरलंय. २५ जुलै २०२५ ला रात्री मुलगा हळूच माझ्या खोलीत आला. निक कर्ट्झ नावाच्या ए'जच्या नव्या पोराने ह्यूस्टनमध्ये एकाच मॅचमध्ये चार होमरन मारले होते. हा पोरगा ओकलंडमध्ये एकही मॅच खेळलेला नाही.

"बाबा, एक दाखवू? रागावू नकोस."

मी आधीच दोनदा बघितलं होतं. म्हटलं, दाखव.